देवाला सांगायचं नाव

भुलीच्या डॉक्टरांनी सिरिंज सलाइनच्या नळीला लावली होती. तेवढ्यात टेबलावरच्या बाईनं माझा हात घट्ट धरला.

"बाई, तुमी ती प्रार्थना करता ना? आमच्या घोटीची एक जण सांगत व्हती. साळवे सिस्टर डोक्यावर हात ठिवत्यात म्हनं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सात महिने मी कुणासाठीही प्रार्थना केली नव्हती.

साळवे सिस्टर म्हणजे मीच. नाशिकमधल्या एका छोट्या खासगी हॉस्पिटलात मी ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर, सांभाळायचे. माझ्या ट्रेनिंगच्या मेट्रन फार कडक होत्या. त्यांची शिकवण अशी, की भूल देण्याआधी पेशंटच्या डोक्यावर हात ठेवायचा, त्याचं नाव त्यालाच विचारायचं आणि ते नाव घेऊन दोन ओळींची प्रार्थना करायची. फाइलमध्ये बघून नाव घेतलेलं त्यांना चालायचं नाही. "देवाला कॉट नंबर कळत नाही," त्या म्हणायच्या. पेशंट कुठल्याही धर्माचा असो, आजवर कुणी नको म्हटलं नाही. अठ्ठावीस वर्षं मी हे केलं.

मग माझ्या मुलीची पहिली मुलगी आठ दिवसांची होऊन गेली. ते आठ दिवस मी बाळांच्या आयसीयूच्या काचेबाहेर गुडघ्यांवर होते. त्यानंतर देवाशी माझं बोलणं बंद झालं. चर्चला जायचे, कारण नाही गेलं तर माणसं घरी चौकशीला येतात. गीतांना नुसतं तोंड हलवायचे. एकदा पाळकसाहेबांना सरळ सांगून टाकलं, "माझा विश्वास उरला नाही."

ते म्हणाले, "नसू दे. प्रार्थना म्हणत राहा. नळाला पाणी कधी येईल सांगता येत नाही, पण बादली लावून ठेवतोच ना आपण?"

मनात म्हटलं, साहेब, माझं कनेक्शनच तोडलंय वरून.

तर त्या दिवशी आमच्या लिस्टवर दोन बायका होत्या. दोघींच्या गर्भपिशवीत गाठ. सुमनला दोन मोठी मुलं, तिची पूर्ण पिशवी काढायची होती. याला हिस्टरेक्टमी म्हणतात. मंदाच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. तिची फक्त गाठ काढून पिशवी वाचवायची होती. ती मायोमेक्टमी. पहिला नंबर सुमनचा.

पेशंट आत आली तेव्हा सर्जनसाहेबांनी फाइल बघून विचारलं होतं, "सुमनताई ना?" ती "हां" म्हणाली. हातातल्या पट्टीवर सुमन, फाइलवर सुमन. चेकलिस्टवर टिक मीच केली.

आणि आता तिनं माझा हात सोडला नव्हता.

"सिस्टर, उरका," साहेब म्हणाले. "पुढची केस थांबलीये."

नाही कसं म्हणणार? मी डोक्यावर हात ठेवला. आपण ढोंग करतोय, हे मला पक्कं माहीत होतं. सवयीनं तोंडातून गेलं, "नाव सांगा तुमचं."

"मंदा."

"तुमचं नाव विचारतेय हो."

"मंदाच की. मंदा गोविंद."

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. मी भुलीच्या डॉक्टरांचं मनगटच धरलं. ओटीत असं कुणी कुणाला धरत नाही.

"सर, थांबा. पेशंट चुकलाय."

"काय बोलताय? फाइल कुणाची आहे?"

"सुमनची."

"मग ही कोण?"

"मंदा. पुढची केस."

साहेबांनी ओपीडीत तिला एकदाच पाहिलेलं, आता केस टोपीखाली. पोट उघडलं असतं तरी गाठच दिसली असती. शंका येण्याचं काही कारणच नव्हतं. पिशवी गेली असती.

वॉर्डमध्ये फोन लावला. झालं होतं एवढंच, की सकाळी मंदाला पंख्याखाली थंडी वाजत होती आणि सुमनला कोपऱ्यात उकडत होतं. दोघींनी आपसात कॉट बदलल्या. फाइली कॉटलाच अडकवलेल्या राहिल्या, आणि नव्या सिस्टरनं फाइल बघून पट्ट्या बांधल्या.

मी मंदाला विचारलं, "साहेब सुमनताई म्हणाले तेव्हा हो का म्हणालात?"

"येवढे मोठे डाक्टर, ते चुकतील व्हय? म्हनलं दवाखान्यात असंच म्हनत असतील. म्या कशाला मधी बोलू?"

एरवी आम्ही पोट धरून हसलो असतो.

मी चेंजिंग रूममध्ये जाऊन दार लावलं. आणि मग मी रडत रडत बोलायला लागले. "हिच्यासाठी आलास? मग आमच्या लेकरासाठी का नाही आलास? तेव्हा कुठे होतास?" बरंच काही बोलले, इथे लिहिण्यासारखं नाही. उत्तर आलं नाही, अजूनही आलेलं नाही. तोंड धुताना लक्षात आलं, की सात महिन्यांनी मी त्याच्याशी बोलले होते. भांडण का असेना, आमचा अबोला सुटला.

मंदाची गाठ दुसऱ्या दिवशी काढली, पिशवी वाचली. तिला पुढे मूल झालं का, मला ठाऊक नाही. त्या दिवशी मला देवानं बोलतं केलं की मेट्रनच्या धाकानं, हेही मी छातीठोक सांगू शकत नाही. रविवारी मात्र चर्चमध्ये मी आवाज काढून गायले, तेही बेसूर.

हॉस्पिटलनं नियम केला: पेशंटला नाव सांगायचं नाही, विचारायचं. आता मी रिटायर झाले, नर्सिंगच्या मुलींना शिकवते. त्यांना सांगते, मन श्रद्धेनं भरलेलं असेल त्या दिवशी नाव विचारा. रिकामं असेल त्या दिवशी तर विचाराच.