कोरड्या टबात बसवणारे फौजी

नळाला हात लावण्याआधी फौजी घरमालकाला कोरड्या टबात बसवत. मला बसवलं तेव्हा मी साठी ओलांडलेली, शाळेतून निवृत्त झालेली बाई. साडी सावरत बसले खरी, पण हसावं की चिडावं ते कळेना. फौजी मात्र कानावरची पेन्सिल काढून म्हणाले, "डोळं मिटा, बाई. डोळ्यांत साबन गेलाय आसं समजा. आता नळ शोधा." माझा हात भिंतीवर जिथे टेकला तिथे त्यांनी खूण केली.

मूळचे ते दुष्काळी आटपाडीकडचे. उमेदीची वर्षं फौजेत पाण्याच्या लाइनी टाकण्यात गेली, नंतर कराडात प्लंबिंगची कामं करत. नाव काहीतरी होतंच, पण आमच्या कॉलनीत सगळे फौजीच म्हणत. खाली बादली ठेवल्याशिवाय नळ सोडत नसत आणि ती बादली स्वतः उचलून माझ्या जास्वंदीला घालत. मी एकदा म्हटलं, "अहो, इथे कृष्णा आहे, कोयना आहे." तर म्हणाले, "आसंना. पानी कुठं आपल्या बाचं हाय?"

टब ही माझ्या नवऱ्याची हौस. ते गेले आणि पुढे टबाचा नळही कुरकुरू लागला. त्यावरची खुंटी ओढली की पाणी शॉवरला जायला हवं. ते निम्मं वर, निम्मं खाली जाई. फौजींना घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने पाणी शॉवरकडे वळवणारा, भिंतीच्या आत बसणारा डायव्हर्टर दाखवला. बाहेर नुसती चकचकीत मूठ, वर ताटाएवढा शॉवर. मुलाच्या पुण्याच्या घरी तसाच आहे, म्हणून मलाही तोच हवा होता. फौजींनी तो हातात घेतला आणि परत ठेवला. "भिंतीत गाडल्यालं बिघडलं की फरशी फोडावी लागती. गरम-गार पान्याचा बाहीरचा मिक्सर घ्या, त्याला हातातला शॉवर जोडू. बसून आंघूळ करता ईल." मग विचारलं, "घरात मानसं किती?"

"चौघं," मी म्हणाले. मुलगा, सून, नात आणि मी. खरं तर ती तिघं दीड वर्षात फिरकली नव्हती. शेजारणींनी विचारलं की 'मागच्याच आठवड्यात येऊन गेले' असं मी ठोकून देई. एकटी पडलेली बाई म्हणून कुणी माझी कीव करावी, हे मला सोसणारं नव्हतं.

न्हाणीघरातला एकच टॉवेल आणि एकच ब्रश फौजींनी पाहिला असणार. ते एवढंच म्हणाले, "येनाऱ्यांसाठी वर मोठा शॉवर आसूंद्या. पर मूठ ऱ्हानाऱ्याच्या हाताला पायजे." माझं बिंग फुटलं होतं. त्या रागात मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. बसवलं मात्र त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे. नळ खुणेपाशी सरकवायला भिंत फोडली, तिथे जुन्यासारख्या फरशा मिळाल्या नाहीत, त्यामुळे निळ्या भिंतीत एक पांढरा पट्टा आला आहे.

पंधरा दिवसांनी मीच फोन केला. नळ गळतोय म्हणाले. गळत नव्हता, सबंध दिवसात मी कुणाशी एक शब्द बोलले नव्हते. फौजी आले, मिक्सर उघडला, पुन्हा बसवला, "वायसर बदलला" म्हणाले आणि ओट्याशी चहा घेत बसले. तेव्हा बायकोविषयी बोलले. ती दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली, तिला हेच आंघोळ घालत. "तांब्यानं घालताना तिच्या नाकातोंडात जायाचं पानी. हातातला शॉवर तवा सुचला न्हाई, बाई."

त्यानंतर माझा नळ दर महिन्याला गळू लागला.

यंदा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मी दोन महिने पुण्याला मुलाकडे होते. परत आले, पहिल्याच दिवशी बसून आंघोळ केली आणि फौजींना फोन लावला. त्यांच्या मुलीने उचलला. "बाबा गेलं, बाई. म्हैना झाला," ती म्हणाली. मग तिनेच विचारलं, "नळ गळतोय का? वळखीचा मानूस पाठवू?"

"नको गं," मी म्हणाले. "नळ कधीच गळला नाही. मी इथे एकटी असते, म्हणून बोलवत होते."

"बाबांनी सांगितल्यालं," ती म्हणाली. "तुमचा फोन आला की ते लगोलग दाढी करायला बसायचं."