न्हाणीच्या फरशीला टाकी

शहाद्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी गरम पाण्याचा झरा आहे. माझ्या लहानपणी तिथे दगडी गोमुख आणि खाली कुंड, एवढंच होतं. बायका उतरल्या की दोघीजणी लुगडं ताणून धरत, तोच आडोसा. मीही धरलंय. आईचे गुडघे आखडलेले. रविवारी तिथे आंघोळ झाली की आठवडाभर तिला शेतात बसून निंदता येई.

पुढे लुगड्याच्या जागी पत्रे आले. मग बायकांसाठी पक्की न्हाणी बांधायचं ठरलं आणि काम माझ्या वडिलांना मिळालं. ते गवंडी.

मी तेव्हा नाशिकला कॉलेजात होते, घरातून पहिलीच. सुट्टीत आले तर वडिलांनी विचारलं, "तुन्हा कॉलेजमा फरशी कशी शे?" मी सांगितलं, गुळगुळीत, तोंड दिसेल अशी. त्यांनी तशीच बसवली आणि तीन दिवस घासून चमकवली.

पहिल्याच रविवारी आईने ओला पाय टेकला आणि घसरली. मी धरलं म्हणून निभावलं. नंतरचे दोन रविवार ती गेलीच नाही. गुडघे पुन्हा धरले, निंदणी सुटली.

"इतली चांगली न्हानी बांधी, अन् तू येत नही?" वडील म्हणाले.

"तुम्हनी फरशीमा तोंड दिसस, पन पाय टिकत नही."

"पोरगीना कॉलेजमा तशीच शे."

"कॉलेजमा पोरी आंग धोवाले जातस का?" आई म्हणाली. "पाटाले टाकी लावतस ना, तशी लावा."

वडिलांनी छिन्नी-हातोडा घेतला आणि स्वतः आणलेली ती चमक कणाकणाने टोचून काढली. सगळे टवके एका ओळीत, वाटायच्या पाट्याला टाकी लावल्यावर दिसतात तसे. इतकं नीट काम मी पुढे शहरातही फारसं पाहिलं नाही.

आता तिथे टाइल्सच्या खोल्या आहेत, नळ आहेत, सोलरचे दिवे आहेत. मला सगळं आवडतं. दाराला आतून कडी लागते, याचं मोल लुगडं धरून उभ्या राहिलेल्या मुलीला विचारावं. तरी म्हाताऱ्या बायका अजून त्या टाकीच्या न्हाणीतच शिरतात.

टाकी लावल्यावरच्या रविवारी वडील भिंतीबाहेर कान देऊन उभे होते. आतून आईचा हसरा आवाज आला, "टिकना पाय!"

सोमवारी ती खुरपं घेऊन शेतात गेली.