वाटीखालचा पेढा

परवा नातवाने पेपर वाचून दाखवला. सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांची एक पट्टी निघाली आहे म्हणे, अन्नाला लावली की त्यातले घातक जिवाणू काही मिनिटांत ओळखते. मी म्हटलं, बंद कर तो पेपर. म्हातारीला एकदम काय झालं, असं त्या बिचाऱ्याला वाटलं असेल.

सत्तरच्या दशकात मी नागपुरात अन्न तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत होते. आमच्याकडे मिनिटं नव्हती, दिवस होते. नमुना द्रावणात घोटायचा, उबवणपेटीत ठेवायचा, मग काचेच्या ताटलीवर पसरून पुन्हा उबवायचा आणि वाट बघत बसायचं. त्यात साहेबांची शिस्त अशी की बाटलीवर फक्त नंबर. दुकानाचं नाव बंद पाकिटात, साहेबांच्या कपाटात. खात्री झाल्याशिवाय पाकीट फोडायचं नाही, म्हणजे कुणाची ओळखपाळख आड येत नाही. मला त्या शिस्तीचा फार अभिमान होता.

एका उन्हाळ्यात सोमवारी सदर भागातल्या दुकानांमधून पेढ्यांचे नमुने आले. गुरुवारी सकाळी सात नंबरच्या ताटलीवर काळे ठिपके दिसले, चांगले चकचकीत, म्हणजे घातक जिवाणूची खूण. त्याच संध्याकाळी कोराडीला आमच्या क्वार्टरमध्ये नणंदेचं डोहाळजेवण होतं, आणि पेढे सदरमधून यायचे होते. साहेबांना म्हटलं, एवढं पाकीट उघडा. ते शांतपणे म्हणाले, हा नुसता संशय आहे, खात्रीला अजून दोन दिवस लागतील. सदरमध्ये काय एकच दुकान आहे, अशी मनाची समजूत घालत बस पकडली.

घरी वीजकेंद्राची राख येते म्हणून खिडक्या बंद, आत बायकाच बायका आणि जीव नकोसा करणारा उकाडा. नणंद फुलांनी मढून पाटावर बसलेली. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच दिवस राहिले होते. ‘आता नाहीच होत हिला’ म्हणणाऱ्याही त्या दिवशी ओटी भरायला आल्या होत्या.

सासूबाईंनी तिच्यापुढे दोन वाट्या उपड्या घातल्या. एकीखाली पेढा, दुसरीखाली बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. तिने उजवीकडची वाटी उचलली. पेढा. बायकांचा एकच गलका झाला. तिने पेढा तोंडाशी नेला, थांबली आणि माझ्यापुढे धरला. आमच्या घरी ती रीतच पडली होती. मी प्रयोगशाळेतली, म्हणून दूध असो की कालची भाजी, आधी माझं नाक. मीही मिरवायची, खोटं कशाला सांगू?

“तुमी हुंगून सांगा ना वहिनी, मंगच मी खाईन.”

या जिवाणूला वास नसतो, हे मला पक्कं माहीत होतं. नाकाचा तिथे काडीचा उपयोग नव्हता. पण भरल्या ओटीपुढे ‘खाऊ नको’ म्हणायचं, तेही नुसत्या संशयावर? जन्मभर अपशकुनी ठरले असते. मी पेढा हुंगला. वेलदोड्याचा वास आला.

“चांगला आहे,” मी म्हटलं. “खा.”

शनिवारी सकाळी ती तापाने फणफणली, जुलाब थांबेनात. दवाखान्यात तिच्याजवळ सासूबाई होत्या. मी मात्र ड्यूटीवर गेले, त्या पाकिटासाठी. दुपारी साहेबांनी ते फोडलं. सात नंबर म्हणजे आमच्या पेढ्यांच्या खोक्यावर छापलेलंच नाव. मी धावत दवाखान्यात पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. बाकी बायकांची पोटं बिघडली आणि बरी झाली. नणंदही वाचली. बाळ गेलं. मुलगाच होता.

त्यानंतर तिला दिवस राहिले नाहीत. काळ्या ठिपक्यांचं मी घरात कधीच बोलले नाही, नवऱ्याजवळसुद्धा नाही. भित्री होते, दुसरं काय.

आजही ती आमच्याकडे आली की पिशवीतून खाऊचा डबा काढते, झाकण उघडते आणि आधी माझ्यापुढे धरते. मी हुंगते. मग ती खाते.