दोन दीर्घिका आणि चार मिनिटं

डिंभ्याच्या धरणाकडे उतरणाऱ्या त्या मळ्यातून दक्षिणेचं आकाश पार क्षितिजापर्यंत मोकळं दिसतं. मला तिथून दोन दीर्घिकांचा फोटो हवा होता. आपल्या आकाशगंगेसारख्याच, पण फार फार दूरच्या, एकमेकींना खेटून असलेल्या. आमच्याकडून त्या हिवाळ्यात काही तासच दिसतात. अडचण एकच होती, मळ्यातल्या गोठ्यावर रात्रभर जळणारा बल्ब.

"मामा, तीनेक तास तेवढा बंद ठेवाल?" मी मळ्याच्या मालकांना विचारलं.

"बिबट्या फिरतोय, पावणं. त्याच्यापायीच लावलाय."

"मी जागाच आहे की. काही वाटलं तर हाक मारतो."

मामांनी मामींकडे पाहिलं, बटण दाबलं आणि दोघं आत जाऊन झोपले.

दीडच्या सुमाराला गोठ्याकडून खडखड ऐकू आली. मग शेळीचा एक अर्धवट आवाज. कॅमेऱ्याचं शटर उघडं होतं, अजून चार मिनिटं बाकी होती. बॅटरीचा उजेड पाडला असता तर तो फोटो वाया गेला असता. शेळ्या असं करतातच, असं मी स्वतःला समजावलं. शटर मिटल्यावर गोठ्यात गेलो, तर खुंट्याला नुसतं तुटलेलं दावं. तेव्हा कुठे हाक मारली.

"काय आवाज आला न्हाई का?" मामांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

"जनावरच ते. तुमी तरी काय करणार?" पहाटे त्यांनीच मला चहा दिला. मामी ओढ्यापर्यंत शोधून रिकाम्या हाताने परतल्या. शेळी गाभण होती, हे मला तेव्हा कळलं.

असे चाळीस फोटो एकावर एक चढवून शेवटचा एक फोटो तयार होतो. तो छान आला. पाहणाऱ्यांनी कौतुक केलं. एकदा मी त्यातून त्या चार मिनिटांचा फोटो वगळून पाहिला. काहीच फरक पडला नाही.

दोन महिन्यांनी मी मळ्यावर गेलो. "मामा, त्या रात्री मला आवाज आला होता. मी उठलो नाही."



"आमालाबी आला व्हता," मामा म्हणाले. "ही उठत व्हती. मीच म्हनलं, पडून ऱ्हा, पावणं हायेत भाईर."

मामी आत निघून गेल्या. मामांनी जेवायला थांबवलं. मामींनी दोनदा भाकरी वाढली. बोलल्या मात्र नाहीत.