दोन्ही हात दांड्यांवर

ड्रोन उडवायच्या परवान्याला काय लागतं, असं कुणी विचारलं की मी सांगते: दहावी पास, वय अठराच्या वर आणि दोन्ही हात रिमोटच्या दांड्यांवर. पहिल्या दोन गोष्टी माझ्याकडे होत्या. तिसरीनं माझा जीव काढला.

धानावर फवारणीसाठी आमच्या आसगावच्या बचतगटाला ड्रोन मिळणार होता. अट एवढीच की गटातल्या एकीनं आधी पायलटचं प्रमाणपत्र आणायचं. दहावी झालेल्या आम्ही दोघीच, आणि दुसरीला मिक्सरचीही भीती वाटे, म्हणून माळ माझ्या गळ्यात पडली. मी नापास झाले असते तर ड्रोन दुसऱ्या गावच्या गटाला गेला असता, आणि मला गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

प्रशिक्षण भंडाऱ्याजवळ, कारध्याच्या पुढे एका मोकळ्या मैदानावर होतं. शिकवायला पुण्याकडची मॅडम, माझ्या निम्म्या वयाची आणि चहाला नाही म्हणणारी. तिनं नकाशावर आकाशाचे लाल, पिवळे, हिरवे भाग दाखवले. लाल भागात सरकारच्या परवानगीवाचून जायचं नाही, हिरव्यातही एकशेवीस मीटरच्या वर चढायचं नाही. आकाशालाही शेतासारखे धुरे, म्हणजे बांध, घातलेले असतात हे मला तेव्हा कळलं. शिवाय उडवण्याआधी पाती, बॅटरी आणि वारा बघायचा, ड्रोन नजरेआड होऊ द्यायचा नाही, माणसांच्या डोक्यावरून न्यायचा नाही.

"उडवताना कुणी जवळ आलं तर काय कराल?" तिनं मला विचारलं.

"बसा म्हणीन," मी म्हणाले. मॅडमनं वहीत काहीतरी लिहिलं.

तिसऱ्या दिवशी माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, भंडाऱ्याला कामाला आले आणि सहज मैदानात डोकावले. आमच्या घरी भासऱ्यांसमोर डोक्यावर पदर हवा आणि त्यांच्याशी बोलणं नको. काही सांगायचं तर मी जाऊबाईंना सांगायचं, आणि त्यांनी तिथेच बसलेल्या आपल्या नवऱ्याला तेच पुन्हा सांगायचं. अठरा वर्षं आमचा कारभार असा चालला होता.

तर भासरे मागून खोकले. माझा डावा हात आपोआप पदराकडे निघाला आणि जाताजाता दांडी पुढे ढकलून गेला. ड्रोन सुटला तो सरळ वर. मॅडमनं रिमोट हिसकावून घेतला म्हणून बरं.

"हात का सोडलात?" ती ओरडली. तिला मी काय सांगणार, कपाळ? मी म्हटलं, भासरे आले. तिनं घाबरून आजूबाजूला बघितलं. तिला वाटलं एखादा पक्षी असेल. "परीक्षेत असं झालं तर प्रमाणपत्र विसरा," ती म्हणाली.

त्या दिवसापासून मी पदर खोचून, डोक्यावर चार पिना मारून जाऊ लागले. पण हाताला पिना कळत नाहीत. शेवटी जाऊबाईंना शरण गेले. स्वयंपाकघरात मी दोन हातांत दोन पळ्या धरून उभी राहायची, आणि त्या दाराआडून हुबेहूब नवऱ्यासारख्या खोकायच्या.

"हालला! पुन्हा हालला तुया हात!" असं म्हणत त्या पोट धरून हसत. चार दिवसांनी हात हलेनासा झाला. मात्र एकदा खुद्द भासरेच खोकले आणि मी पळ्या धरून तशीच उभी राहिले, तेव्हा त्यांनी काय समजून घेतलं कोण जाणे.

परीक्षेच्या दिवशी ड्रोन छान वर गेला, ठरल्या वळणानं फिरला. हात दांड्यांवर. तेवढ्यात भासरे आले. घरातली सून पायलट होतेय म्हटल्यावर राहवलं नसणार. मैदानाभोवतीची दोरी ओलांडून, कपाळावर हात धरून, वर बघत ते थेट ड्रोनच्या रोखानं चालत निघाले. मी मॅडमकडे पाहिलं, परीक्षकांकडे पाहिलं. दोघंही माझ्याकडेच बघत होते. जवळ येणाऱ्याला हटवणं ही उडवणाऱ्याचीच जबाबदारी, हे मॅडमनंच शिकवलेलं. मी ड्रोन जागीच थांबवला. सांगायला जाऊबाई आसगावात. भासरे आणखी चार पावलं पुढे आले.

"मांगं सरका जी!" मी ओरडले. "पात्याखाली कायले येऊन राहिले? मांगं!"

हे कोणाला म्हटलं ते बघायला भासऱ्यांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. मग ते जे निघाले ते दोरी, झाड, पार्किंग सगळं मागे टाकून थेट रस्त्यावर जाऊन उभे राहिले. मी ड्रोन खाली उतरवला. परीक्षकांनी कागदावर खूण केली आणि 'उत्तीर्ण' म्हणाले. मी रिमोट मॅडमच्या हाती दिला. आनंद झाला होता आणि रडूही येत होतं.

बाहेर चहाच्या टपरीवर भासरे दोन चहा घेऊन उभे होते. एक माझ्यापुढे धरला. इकडेतिकडे बघून घेतलं, मधे बोलायला कुणीच नव्हतं.

"इतका मोठा आवाज होता," ते म्हणाले, "तं इतके वर्षं कुठी ठेवला होता?"

मला असा राग आला! अठरा वर्षं दाराआड उभं करायचं आणि वर हे विचारायचं. पण ते खरोखरच विचारत होते; म्हाताऱ्याच्या तोंडावर ते दिसत होतं.

"कोणी इचारलंच नाही जी," मी म्हणाले, आणि त्यांच्या हातून चहा घेतला.