उधाणाच्या दिवशीची हजेरी

हजेरीपटावर एकतीस नावे होती आणि समोर सहा मुले बसली होती. त्यांतला एक तापाने फणफणला होता. घरी कामाचा नव्हता म्हणून आईने शाळेत पाठवला होता.

"बाकीची कुठे आहेत, मास्तर?" मी विचारले.

"आज पौर्णिमा आहे, रावसाहेब," गोविंद मास्तर खाली बघत म्हणाले.

त्या वेळी मी शिक्षणखात्यात असिस्टंट डेप्युटी होतो. ठाणे आणि कल्याण तालुक्यांतल्या मराठी शाळा तपासायच्या, मास्तरांचे शिकवणे सुधारायचे आणि गावकऱ्यांना शाळेची गोडी लावायची, ही माझी कामे. पहिले काम मी चोख करीत असे. उरलेल्या दोहोंविषयी रिपोर्टात चार ओळी लिहीत असे.

हे गाव खाडीकाठचे, मिठागरांवर राबणाऱ्या लोकांचे. नाव लिहीत नाही. डेप्युटीसाहेबांनी मला बजावले होते की यंदाच्या तपासणीला निम्मी मुले हजर नसतील तर शाळा उठवायची आणि कल्याणकडच्या दुसऱ्या गावाला द्यायची. गोविंद मास्तरांची नोकरी त्यावरच अवलंबून होती. एकतीस मुलांची शाळाही.

मी शेरेबुक उघडले. तपासणाऱ्याने आपले मत लिहून ठेवायचे ते हे पुस्तक. "हजेरीपट खोटा असावा" असे लिहायला टाक बुडवला, तेवढ्यात मागच्या पानावरचे माझेच अक्षर दिसले. दोन वर्षांपूर्वीचा शेरा होता: "येथील मास्तर अमावास्या-पौर्णिमेस सुट्टी देतात. ही वेडगळ समजूत ताबडतोब बंद करावी. सुट्टी फक्त रविवारी."

जुन्या पंतोजींच्या शाळा या तिथींना बंद असत. त्या दिवशी शिकलेले फळत नाही, असे ते म्हणत. ट्रेनिंग कॉलेजात आम्ही या समजुतीला पोट धरून हसलो होतो. तो शेरा लिहिल्याबद्दल डेप्युटीसाहेबांनी माझी पाठ थोपटली होती.

टाक ठेवून मी उठलो. "मुले कुठे आहेत ते दाखवा."

मास्तर मला बांधावर घेऊन गेले. भर दुपार होती आणि खाडी काठोकाठ भरली होती. बांधाला एक लाकडी दार असते, त्याला उघाडी म्हणतात. ती उचलून भरतीचे पाणी आत घेतात. तेच पुढे वाफ्यांत सोडून वाळवले की मीठ होते. पण एवढे पाणी फक्त उधाणाला चढते, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला, आणि आमच्या खाडीत ते चढते ऐन शाळेच्या वेळी.

माझी पंचवीस मुले बांधावर पालथी पडली होती. चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, बांधाला भोके पाडतात. भोकातून पाणी झिरपले की बांध फुटतो. त्या भोकांत मोठ्या माणसाचा हात जात नाही. मुलांचा जातो. ती चिखलाचे गोळे आत कोंबत होती.

डोक्यावर चिखलाची पाटी घेतलेली एक बाई थांबली. ती चिमाबाई. शाळेतला तापकरी मुलगा तिचाच.

"काय रावसाहेब, पानी बघाला आयलाव?"

"मुलांना शाळेत का पाठवत नाही, बाई?"

"आयतवारी पाठवतंव ना! पन आयतवारी तुमची साला बंद. दर्या काय आयतवार पालतो?"

बांधावरच्या बायका हसल्या. चिमाबाईला आणखी चेव आला.

"आगुदरचे पंतोजी बरे व्हते. पुनवेला, आवसेला सुट्टी देवाचे. बाकी दिस पोरं सालेन. मंग कोन एक शाना साहेब आयला, न् त्यानी बंद केला."

गोविंद मास्तर खाडीकडे बघू लागले. "तो शहाणा साहेब मीच," मी म्हणालो.

कोणी हसले नाही. चिमाबाईने पाटी खाली ठेवली. "मंग आता तुमीच सुरू करा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी कल्याणला डेप्युटीसाहेबांच्या मुक्कामावर गेलो. सगळे सांगितले. माझा जुना शेरा त्यांच्यापुढे ठेवला.

"दामोदरपंत, म्हणजे आता आपण पुन्हा तिथी पाळायच्या?"

"तिथी नाही साहेब, भरती. त्या दिवसांऐवजी शाळा रविवारी भरवू. महिन्यात रविवार चार. अमावास्या, पौर्णिमा आणि त्यांच्या प्रतिपदा मिळून दिवसही चारच. शिकवण्याचा एकही दिवस बुडत नाही."

"आणि दोन वर्षे तुमच्या हे लक्षात आले नाही?"

"मी कधी बांधावर गेलो नव्हतो."

त्यांनी पान तोंडात टाकले आणि म्हणाले, "वैशाखापर्यंत करून पाहा. मी स्वतः येईन. कधी ते सांगणार नाही. निम्मी मुले नसली तर शाळा गेली, आणि रिपोर्टात तुमचे नाव मी घालीन."

"घाला, साहेब."

मुले परत आणण्याचे काम सुट्टीने झाले असते. पण टिकवायची तर शिकवणे सुधारायला हवे होते. गोविंद मास्तर वस्तुपाठ देत. वस्तुपाठ म्हणजे एखादी वस्तू हातात देऊन तिच्यावरून शिकवणे. ते मात्र पुस्तकातला काचेचा पाठ म्हणून दाखवीत आणि मुले ओरडत, "काच पारदर्शक आहे!" गावात काच म्हणावी अशी वस्तू नव्हती.

"मास्तर, मीठ घ्या," मी म्हटले. "आणि सांगू नका. विचारा."

"मला मिठातले काय कळते, रावसाहेब?"

"म्हणूनच विचारा. आणि दार उघडे ठेवा."

मी पंधरा दिवस गावातच राहिलो. मिठाच्या पाठाला मास्तरांनी घरोघर जाऊन आईबापांना बोलावले. कोणी आत येईना. बाहेर दाराशी मात्र दहाबारा जण उकिडवे बसले. मास्तर चाचरत म्हणाले की कडक ऊन पडले की लगेच मीठ धरते.

"नाय मास्तर, चुकला!" उघाडी सांभाळणारे धर्माबाबा दारातून ओरडले. मग राहवेना म्हणून आतच आले आणि मुलांपुढे बसले. वाफ्याची जमीन पायाने कशी तुडवतात, वारा कोणता हवा, पाणी कधी लालसर दिसते, हे त्यांनी सांगितले. मुलांनी ते पाटीवर लिहिले. एकाने वाचून दाखवले तेव्हा म्हातारा चकित झाला. "मी बोललो तेच हाय त्यान?" त्याने दोनदा वाचायला लावले.

पुढच्या पाठाला चिमाबाई आली. नंतर मास्तरांनी बोलावणी करायची सोडून दिली. गरज राहिली नाही.

डेप्युटीसाहेब चैत्रातल्या एका अष्टमीला मला अचानक बरोबर घेऊन आले. त्यांनी स्वतः डोकी मोजली. अठ्ठावीस होती. चिमाबाईच्या मुलाला उभे करून त्यांनी मिठाचे प्रश्न विचारले. त्याने सगळ्यांची उत्तरे दिली आणि शेवटी म्हणाला, "आता मी इचारू? साहेब, तुमी कदी बांधावर गेलाव?"

गोविंद मास्तर त्याला खाली बसवायला पुढे झाले. साहेब म्हणाले, "नाही गेलो. दाखव चल."

शाळा राहिली. मास्तरही राहिले.

हे इथेच संपवले तर मी बरा दिसेन. पण त्याच खाडीच्या पलीकडच्या काठावर आणखी एक शाळा होती. ती माझ्या रिपोर्टावरून आधीच उठली होती. "गावास शिक्षणाची गोडी नाही," असे मी लिहिले होते. साहेब परतले त्या संध्याकाळी मी जुनी डायरी आणि त्या सालचे पंचांग काढले. तपासणीचा दिवस अमावास्या होता.

मी ती शाळा परत मागितली. दोनदा अर्ज केले, दोन्ही नामंजूर झाले. ती खोली आता पेंढा ठेवायला वापरतात. तिथली मुले तरुण झाली आहेत आणि अंगठा उठवतात. त्या काठाने जाताना मी होडीत पाठ फिरवून बसतो.

दौऱ्याच्या पेटीत शेरेबुकाशेजारी तेव्हापासून पंचांग असते. नवे असिस्टंट ते पाहून हसतात. मी त्यांना एवढेच सांगतो की शाळेत मुले का नाहीत, हे शाळेत बसून कळत नाही. टाक बुडवण्याआधी बांधावर जाऊन या.