मधुकरच्या विहिरीचं पाणी

मधुकर गेला. घाटावरून परतलेल्या आम्हा कुणालाच त्याच्या विहिरीवर पाय धुता आले नाहीत.

अंगणात विकतच्या पाण्याच्या कॅन मांडल्या होत्या. तरी सवयीने काही जण विहिरीकडे वळलेच.

दारातून सुमनवहिनी म्हणाल्या, "तिकडे नोका जाऊ जी."

लाखनीजवळ हायवेवर त्याचा पेट्रोल पंप. मागे घर, घराला लागून विहीर. वडिलांनी खोदलेली, भर मे महिन्यातही न आटणारी. अख्खी गल्ली तिच्यावर पाणी भरायची.

आम्ही एका बाकावरचे. मी संस्कृत शिकून बातमीदार झालो, तो कॉमर्स शिकून पंपवाला. "दोघांचंही शिक्षण वाया गेलं बे पंडित," म्हणायचा. चारचौघांत.

रोज सकाळी तो जमिनीखालच्या टाकीत पट्टी सोडून पेट्रोल मोजायचा. रोज थोडं कमी भरायचं.

"उडते बे. भंडाऱ्याचं ऊन आहे हे."

पेट्रोल उडतं, हे खरंच. म्हणून संशय आला नाही.

पण ते उडत नव्हतं. खाली जात होतं.

विहिरीच्या पाण्याला वास येऊ लागला. सगळ्यांना आला. फक्त मधुकरला नाही. जन्मभर पेट्रोलच्या वासात उभा राहिलेला माणूस, त्याच्या नाकाने केव्हाच व्हीआरएस घेतली होती.

गल्लीतले लोक पाणी भरायला येईनात. मधुकरभाऊंना सांगणार कोण? त्याला वाटलं, घरोघरी नळ आले.

शेवटी मीच चेष्टेच्या आडून सांगितलं, "मध्या, आमच्या न्यायशास्त्रात गंध हा पृथ्वीचा गुण. पाण्याला गंध नसतो. तुझ्या विहिरीने शास्त्र खोटं पाडलं."

"तुह्या शास्त्राले सर्दी झाली असन."

हसला. पण दुसऱ्या दिवशी टाकी तपासून घेतली, आणि त्याच आठवड्यात रिकामी केली.

जुनी टाकी काढून नियमाप्रमाणे दुहेरी भिंतीची बसवायची, म्हणून स्वतःच अर्ज केला. एक ऑफिस म्हणे, आधी दुसऱ्याचं पत्र आणा. दुसरं म्हणे, आधी पहिल्याचं. परवान्याशिवाय टाकीभोवतीची भिजलेली मातीही खोदता येईना.

मी बातमी छापली. लोकांनी लाइक केली.

मातीतलं पेट्रोल मात्र कुणाच्या पत्रासाठी थांबलं नाही.

शेवटी परवाना आला. क्रेनने टाकी उचलली त्या दिवशी मी तिथेच होतो. तळाला गंजून भोकं पडलेली. खालची माती काळीभोर. वहिनींनी नाकाला पदर लावला. मजूर मागे सरले.

मधुकर खड्ड्याच्या काठावर वाकून उभा.

"पंडित, खरं सांग. वास येऊन राहिला का?"

"येतोय."

"लय?"

मी खिशातला रुमाल काढून नाकाला लावला.

"मले काहूनच नाही येऊन राहिला बे?"

नवी टाकी झकास आहे. सेन्सर, स्क्रीन, सगळं. थेंब गळला तर बोंब मारते.

विहीर उपसली. पुन्हा उपसली. झरे येतात ते वास घेऊनच. किती वर्षं लागतील, विचारलं, तर तपासणारे म्हणाले, सांगता येत नाही.

मग तो आजारी पडला. विहिरीचा विषय आम्ही त्याच्यासमोर काढेनासे झालो.

गेल्या आठवड्यात भेटायला गेलो होतो. त्याने पाणी मागितलं. "विहिरीचं दे."

वहिनी आत गेल्या. कॅनमधलं पेल्यात ओतून आणलं. मी पाहत होतो.

दोन घोट घेतले त्याने. "आपल्या विहिरीचं आहे न?"

"हो जी."

"साफ झाली म्हंजे."

"झाली जी."

त्याने माझ्याकडे पाहिलं. नेहमीसारखं, माझ्या शास्त्राचं मत विचारल्यासारखं.

"गोड लागते, नाही का बे पंडित?"

"गोडच आहे," म्हणालो.

आज सगळे गेल्यावर विहिरीत बादली सोडून पाहिली. वास आहे.

मध्या, हिचं पाणी निवळलं की पहिली बादली तुझ्या नावाने.

तोवर ही कोरडी श्रद्धांजली घे.